अ तुकडीतली घोडी

उल्हास घारपुरे झोपाळू आहेत, असं टेक्सासच्या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी मंडळींचं ठाम मत होतं. ते मत गावभर करण्यात ज्या बायकांचा हात होता त्यांनी आता हसत का होईना, कान पकडलेले बरे. आम्हीच त्या. पण पुरावा तरी किती भक्कम होता बघा. गणपतीच्या कार्यक्रमात गाणं सुरू झालं, की दुसऱ्या कडव्याच्या आत काकांची मान खाली. कोजागिरीला हातात मसाला दुधाचा पेला तसाच, वर साय धरलेली, आणि डोळे मिटलेले. एकदा त्यांना बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून बोलावलं, तर स्टेजवरच डुलकी लागली. लतिकाकाकू खालून खाणाखुणा करून दमल्या, शेवटी त्यांनी पहिल्या रांगेतून घसा खाकरला तेव्हा काकांनी दचकून टाळ्या वाजवल्या. त्या वेळी टाळ्या वाजवण्यासारखं काहीच चाललेलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, रिटायर झाल्यावर पुरुषाला उद्योग नसला की असंच होतं, दिवसभर लोळत असतील.

लोळत होते म्हणे. शनिवारी पहाटे पाचला उठून हा एकाहत्तर वर्षांचा माणूस नीडव्हिलच्या तबेल्यात जायचा, घोडीखालची लीद उपसायचा, तिला पाणी दाखवायचा, ट्रेलरला चढवायचा आणि नातीला घेऊन कुठल्या कुठल्या गावच्या रिंगणात जाऊन यायचा. परत येऊन आंघोळ, इस्त्रीचा कुर्ता, आणि मग आमचं गाणं ऐकायला हजर. झोपणार नाही तर काय करणार बिचारा. आणि हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आम्ही काय बोललो असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नात म्हणजे अनया, पंधरा वर्षांची. काकांची मुलगी चैत्राली, तिची ही मुलगी. चैत्राली भूल देणारी डॉक्टर, तिच्या ड्यूट्या उलट्यासुलट्या. जावई आठवड्यातले चार दिवस विमानात. म्हणून घराघरांतल्या मुलांना भरतनाट्यम आणि गणिताच्या क्लासला सोडायचं काम जसं आजोबांकडे येतं, तसं इथे घोडीचं काम आलं. काका स्वतः कधी घोड्यावर बसलेले नाहीत. सांगलीहून इंजिनियर होऊन एकोणऐंशी साली आले, चाळीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनी टाकल्या, गुडघे झिजवून घेतले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि घरी बसले. लतिकाकाकू म्हणायच्या, जन्मभर तेलाची पिंपं भरली आणि आता रिकाम्या पिंपांच्या मागे लागलेत.

कारण अनयाचा खेळ पिंपांचाच. रिंगणात तीन पिंपं त्रिकोणात ठेवायची. घोडा सुसाट सोडायचा, प्रत्येक पिंपाला अगदी अंगाला घासेल असा वळसा घालायचा आणि परत दाराशी यायचं. सगळा कारभार सतरा-अठरा सेकंदांचा. या सतरा सेकंदांसाठी टेक्सासमधली माणसं दोन-दोनशे मैल ट्रेलर ओढत जातात. अनयाची घोडी तांबूस रंगाची, नाव पीकॅन. काकूंना ते नाव जिभेवर बसेना, त्या तिला बदामी म्हणायच्या, आणि घोडीही मेली बदामीला जास्त ओ द्यायची.

तर मार्च महिन्यात काय झालं, दुसऱ्या पिंपाशी बदामीचा पाय घसरला आणि अनया उडून पडली. कॉलरबोन मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण पोरीचा हात बिघडला. म्हणजे हाताला काही झालं नव्हतं. पण पहिलं पिंप जवळ आलं, की तो हात आपोआप लगाम वर खेचायचा. घोडी गोंधळायची, कधी फाकून लांबून जायची, कधी जागीच थांबायची. तबेल्यातला तरुण मास्तर ओरडायचा, सोड तिला, नुसती सोड. अनया मान हलवायची आणि पुढच्या वेळी परत तेच. घरी यायची, जेवायची, खोलीत जायची. विचारलं तर म्हणायची, आय ॲम फाइन. पूर्वी गाडीत नीडव्हिल येईपर्यंत तिची टकळी चालायची. आता कानात ती पांढरी बोंडं घालून ती खिडकीबाहेर बघत बसायची, आणि काका नुसतेच गाडी चालवायचे.

चैत्रालीने ऑपरेशनच्या टेबलावर घोड्यावरून पडलेली माणसं पाहिली होती, तिला या खेळाचं कौतुक कधीच नव्हतं. मे महिन्यात ती बापाला म्हणाली, "बाबा, या समरमध्ये एक क्लिनिक. एकच. कुठलं ते तुम्ही ठरवा. ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत हिचा हात ताळ्यावर आला तर ठीक, नाहीतर घोडी जिच्याकडून घेतली तिच्याकडे परत. घाबरलेल्या मुलीला मी दर शनिवारी घोड्यावर चढवणार नाही." काकांना यात चूक काढायला काही सापडलं नाही, आणि तेच त्यांना जड गेलं. घोडी गेली की शनिवार गेले. शनिवार गेले की पंधरा वर्षांच्या नातीने आजोबांशी बोलायचं तरी कशासाठी.

क्लिनिक म्हणजे एक-दोन दिवसांचं शिबिर. एखादा नावाजलेला शिकवणारा असतो, आपापले घोडे घेऊन मुलं जातात. आता मराठी माणसाला क्लास निवडायला सांगितला, की त्याच्या अंगात काय संचारतं ते तुम्हाला सांगायला नको. काकांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा क्लिनिकं. बॅच केवढी, मास्तर स्वतः शिकवतो की असिस्टंट, नोट्स देतात का, रिव्हिजनचा दिवस आहे का, आणि मागच्या पाच वर्षांतला रिझल्ट. मग अकरा जणांना फोन. रिझल्ट विचारल्यावर एका बाईने उलट विचारलं, की सर, तुम्ही इन्शुरन्सकडून बोलताय का. दुसऱ्याने विचारलं घोडा किती वर्षांचा, तर काका म्हणाले घोड्याचं नंतर बघू, आधी तुमचे टॉपर कोण ते सांगा.

अकरातले तीन उरले. त्या तिघांकडे काकांनी स्वतः जाऊन बसायचं ठरवलं. घोड्याशिवाय नुसतं बाकड्यावर बसून बघता येतं, तशी पद्धतच आहे तिकडे. मग जूनच्या उकाड्यात तीन शनिवार काका वही, टोपी आणि ताकाची बाटली घेऊन एकटे गेले. फॅरनहाइटमध्ये शंभर डिग्री, वर दमट हवा, पत्र्याचं बाकडं. माणसाचा पापड व्हायचा.

पहिलं क्लिनिक ह्यूस्टनच्या उत्तरेला. केवढं मोठं छप्पर, भिंतीएवढा स्क्रीन, संगीत, मास्तरच्या तोंडाशी माइक. तक्त्यात हाच पहिला होता, रिझल्ट बघाल तर डोळे दिपावेत. चोवीस मुलं. प्रत्येकीने पळायचं, स्क्रीनवर सेकंद यायचे, मास्तर दोन वाक्यं बोलायचा, पुढची. एक मुलगी दोनदा पिंप पाडून बाहेर आली आणि घोडे धुवायच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्याकडे कुणी गेलं नाही. काकांनी वहीत लिहिलं, शिस्त उत्तम.

दुसरा मास्तर प्रत्येकीचा घोडा स्वतः चालवून दाखवायचा. काय चालवायचा, वा. संध्याकाळपर्यंत घोडे सुधारले, मुली कुंपणावर बसून होत्या.

तिसरं हॅलेट्सव्हिलच्या पुढे, एका गवताळ माळावर. तिथे ना छप्पर, ना स्क्रीन. मिस वेल्डा नावाची अडुसष्ट वर्षांची बाई, खुब्याचं ऑपरेशन झालेली, घोड्याच्या दाण्याची बादली उलटी टाकून तिच्यावर बसलेली. काकांना आधी वाटलं ही राखणदार असावी. सहाच जणी, आणि त्यांना ती सकाळभर घोडे नुसते चालवायला लावत होती. पळवणं सोडाच, दुडकीसुद्धा नाही. वर प्रत्येकीने पिंपाशी जाताना आपण कुठे बघतोय ते मोठ्याने बोलायचं. पिंप. कुंपण. ट्रक. झाड. तीन तास हे ऐकून काकांचं डोकं उठलं. हा काय क्लास म्हणायचा का, बालवाडी आहे. जेवणानंतर शाळेची बस चालवणारी एक चाळिशीची बाई, जी सकाळी थरथर कापत होती, ती घोडा बऱ्यापैकी वेगात घेऊन तिन्ही पिंपांना वळसे घालून आली आणि दाराशी येऊन खो-खो हसत सुटली. काकांच्या लक्षात आलं, की तीन शनिवारांत घोड्यावर बसून हसलेलं पहिलं माणूस हेच. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. रिझल्टच्या रकान्यात त्यांनी शून्य घातलं आणि निघाले.

आठ दिवस त्यांचं काही ठरेना. तक्ता म्हणायचा पहिलं, आणि फॉर्म भरायला बसलं की त्यांचा हात उचलायचा नाही. अनयाला विचारलं तर ती म्हणाली, व्हॉटेव्हर यू वॉन्ट, आजोबा. हे तिने इतक्या दमलेल्या आवाजात म्हटलं, की काकांनी परत विचारलंच नाही.

शेवटी निकाल लावला काकूंनी, पोळ्या लाटता लाटता. "अहो, पहिल्या ठिकाणाहून आलात आणि न जेवता आडवे झालात. दुसऱ्या ठिकाणाहून आलात, पाणी प्यायलात आणि आडवे झालात. त्या बादलीवाल्या बाईकडून आलात तेव्हा तीन पोळ्या खाल्ल्यात आणि तास-दीड तास तिला नावं ठेवत होतात. आता तुम्हीच बघा."

काकांनी त्यावर बरंच काही ऐकवलं, की असं पोळ्यांवरून कुठे क्लास ठरवतात का, वगैरे. आणि दुसऱ्या दिवशी मिस वेल्डाला फोन केला.

बाईकडे वेबसाइट नव्हती. फॉर्म पोस्टाने आला, दोन कागद, टाइप केलेले. नाव, वय, घोड्याचं वय, आणि खाली तीन चौकोन. शिकाऊ, मध्यम, तयार. आता सांगा, आपल्यापैकी कुणी आपलं पोर आपल्या हाताने ड तुकडीत घातलंय का? चार वर्षं घोड्यावर बसतेय मुलगी, घरात दोन ट्रॉफ्या आहेत. काकांनी निळ्या शाईने तिसऱ्या चौकोनात व्यवस्थित खूण केली. त्यांना वाटलंसुद्धा नाही की आपण काही खोटं लिहितोय. वरच्या बॅचमध्ये घातलं की मूल आपोआप वर ओढलं जातं, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी साडेसातला ते माळावर पोचले. अनयाने वाटेत एक अक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी दोन गट होते. एक लहान मुलींचा, सावलीच्या बाजूला, आणि एक तयार मंडळींचा. अनया तयारवाल्यांत गेली. त्या सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या, टोप्या अशा घातलेल्या की टोपीसकट जन्मल्या असाव्यात. या गटाला मिस वेल्डाने बोलणंबिलणं काही लावलं नाही. आधी एकेकदा पळवा, मला बघू दे, म्हणाली.

अनयाची पाळी चौथी. काका पत्र्याच्या बाकड्यावर बसले होते. बदामी सुटली. पहिलं पिंप जवळ आलं. हात वर गेला. बदामीने तोंड वर करून उलटा हिसका दिला, पिंप आडवं झालं, पोरीचा गुडघा त्याच्यावर सडकून आपटला, आणि घोडी रिंगणाच्या मधोमध फुरफुरत उभी राहिली. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सगळ्या दुसरीकडे बघायला लागल्या.

अनया उतरली, लगाम धरून चालत दाराबाहेर गेली, ती थेट ट्रेलरपाशी. काका जाईपर्यंत तिने खोगीर काढायला घेतलं होतं.

"आजोबा, लेट्स गो होम. मॉमला सांगा घोडी परत पाठव. आय ॲम डन."

काका ट्रेलरच्या पायरीवर बसले, कारण गुडघा उभं राहू देईना. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. तीन शनिवार, अकरा फोन, एवढा मोठा तक्ता. चैत्रालीला फोन लावायला मिनिट लागलं नसतं, आणि पोरगी स्वतःच म्हणत होती. इतकं दमल्यासारखं त्यांना पाइपलाइनीच्या कामावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

"तुला या गटात कुणी घातलं माहितेय का?" ते म्हणाले.

"मिस वेल्डा."

"मी. फॉर्मवर तीन चौकोन होते. मी तिसऱ्यावर खूण केली. तुला विचारलंही नाही."

अनयाने खोगीराचा पट्टा हातातच धरून ठेवला. "बट आय ॲम नॉट ॲडव्हान्स्ड. ॲटलीस्ट आता तरी नाही. तुम्ही बघता ना दर वेळी."

"बघतो. तरी केली. तुझ्या आईला चौथीत असताना मी पाचवीच्या गणिताला बसवलं होतं. वर्षभर रडत होती. मला वाटायचं, मुलं रडतातच."

"डिड यू से सॉरी?"

"कुणाला, तिला? नाही बुवा." मग ते म्हणाले, "तुला म्हणतो. सॉरी. चूक माझी आहे, घोडीची नाही आणि तुझीही नाही. आता मी जाऊन त्या बाईला सांगतो की तुला पलीकडच्या गटात घाला. त्यानंतरही घरी जायचं असेल तर जाऊ. मी काही बोलणार नाही."

"ती लहान मुलं आहेत, आजोबा. दे आर नाइन."

"त्यात एक अकराची आहे."

अनया हसली नाही, पण खोगीर काढायचं थांबली. काका उठले.

तिथून रिंगणाच्या मध्यापर्यंत असेल साठ-सत्तर पावलांचं अंतर. भुसभुशीत माती, सँडलमध्ये शिरणारी, आणि वीसेक माणसं कुंपणाला रेलून बघतायत. चाळीस वर्षांत काकांनी कंपनीत सही केलेला कागद कधी मागे घेतला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. बादलीसमोर उभं राहून त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की फॉर्म मी चुकीचा भरला, मुलगी शिकाऊ आहे, तिला भीती वाटते, आणि हे मला मार्चपासून माहीत होतं. वेल्डाबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ती म्हणाली, मिस्टर, इथे येणारे सगळे आजोबा तिसऱ्याच चौकोनावर खूण करतात. मी फॉर्म वाचतच नाही. पण आजवर इथपर्यंत चालत येऊन सांगणारा कुणी भेटला नव्हता. मग म्हणाली, बाजूला व्हा, तुमच्यामुळे मला रिंगण दिसत नाही. आणि मुलीला पाठवा.

काका परत येईपर्यंत अनयाने पट्टा पुन्हा आवळला होता. त्यांच्याकडे न बघता ती बदामीवर चढली आणि सावलीच्या बाजूला गेली. तिथे त्या चिमुरड्यांच्या रांगेत ती आणि तिची घोडी अशा दिसत होत्या, की पहिलीच्या वर्गात कुणी दहावीची मुलगी आणून बसवावी. समोरच्या दोन दातांच्या जागी फट असलेल्या एकीने तिला विचारलं, की तू नापास झालीस का. अनया म्हणाली, काइंड ऑफ.

मग चालायचं. नुसतं चालायचं, आणि बोलायचं. मुली आपापल्या किनऱ्या आवाजात पिंप, कुंपण, ट्रक म्हणत एकेक वळसा घालून आल्या. अनयाची पाळी आली तशी ती गप्पच. बाई म्हणाली, मोठ्याने. ती काहीतरी पुटपुटली. बाई म्हणाली, मला ऐकू येत नाही आणि घोडीलाही येत नाही. त्या फटवाल्या मुलीसमोर, वीस माणसांसमोर हे करायचं म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरीला मरण. अनया म्हणाली, दुसऱ्या भाषेत बोललं तर चालेल का? बाई म्हणाली, खुशाल बोल, घोडीला व्याकरण कळत नाही.

आणि सहा-सात वर्षांत आजोबांच्या मराठी प्रश्नाला इंग्रजी मिसळल्याशिवाय उत्तर न देणारी ही मुलगी, घोडीच्या पाठीवरून मोठ्याने मराठीत बोलायला लागली. इथे एकाही माणसाला कळणार नाही, या एका भरवशावर. बाकड्यावर बसलेला एक म्हातारा सोडून, हे ती विसरली असेल, नाहीतर विसरली नसेल.

"पिंप," ती म्हणाली. "पिंप. पिंप मोठं आहे. मला भीती वाटते." हात वर गेला. बदामी थांबली. पिंप दोन पावलांवर. सगळं रिंगण थांबलं, बाई बादलीवरून हलली नाही. काका पत्र्याची कड दोन्ही हातांनी धरून बसले. तेव्हा त्यांना जाणवलं की आपण टोपी काढून मांडीवर ठेवलीय आणि डोकं उन्हात भाजतंय, पण ती परत घालायला हात मोकळा नव्हता. बराच वेळ गेला. घोडीने शेपटी उडवली.

"भीती वाटते," अनया परत म्हणाली, आता जरा मोठ्याने, एखाद्याला पत्ता सांगावा तशी. "पिंपाच्या मागे कुंपण आहे. कुंपणाच्या मागे झाड आहे. झाडाखाली गाय आहे." आणि हात खाली आला. बदामी चालायला लागली, पिंपाला घासून वळली आणि पलीकडे गेली.

त्यानंतर ती पुन्हा पुन्हा गेली. चालत, मग शेवटी शेवटी दुडकीने. भीती वाटते हे प्रत्येक वेळी म्हणत होती, झाड आणि गायही म्हणत होती. एकदा गाय उठून गेली तर म्हणाली, गाय गेली, मेली. हे 'मेली' तिने काकूंकडून उचललं ते सांगायला नको. दुपारी दीडला उन्हामुळे बाईने सगळ्यांना थांबवलं. सकाळची ती एक खेप सोडली तर बदामीला दिवसभरात पळवलं असं एकदाही नाही. जाताना बाई काकांना एवढंच म्हणाली, की मंगळवार-गुरुवार हिला तबेल्यात असंच चालू द्या, तुमच्या तिथल्या मास्तरला सांगा महिनाभर तोंड बंद ठेवायला. सप्टेंबरात परत आणा.

परतताना ईगल लेकच्या भातखाचरांवर पांढरे बगळे बसले होते आणि काकांचा गुडघा ब्रेकवर ठणकत होता. ट्रेलर मागे असला की पंचावन्नच्या वर ते जात नाहीत, मागे गाड्यांची रांग लागली तरी. अनयाने बूट काढून पाय वर घेतले होते, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. कानात काही घातलेलं नव्हतं. ती त्या फटवाल्या मुलीची नक्कल करून दाखवत होती. काका हं हं करत होते. त्यांना इतकी थकवणारी आणि इतकी बरी दुपार गेल्या चार महिन्यांत मिळाली नव्हती, पण हे बोलायला अंगात ताकद नव्हती.

तेवढ्यात चैत्रालीचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर. हॉस्पिटलचे आवाज मागे. कसं झालं, पडली नाहीस ना.

"मॉम, मंगळवारी मला तबेल्यात जायचंय. आणि सप्टेंबरमध्ये परत इथे."

चैत्रालीने विचारलं, "म्हणजे पळवलीस?"

"नो. चालवली. पहिल्या बॅरलला सहा वेळा गेले आणि एकदाही ओढलं नाही."

"सात," काका म्हणाले.

"सिक्स, आजोबा."

"सात वेळा गेलीस. मी मोजत होतो."

अनयाचं म्हणणं, पहिली वेळ धरायची नाही, कारण तेव्हा तिचा हात वर गेला होता आणि घोडी थांबली होती. काकांचं म्हणणं, थांबली तर थांबली, नंतर गेली की नाही? गेली. पिंपाला वळसा घातला की नाही? घातला. मग ती वेळ कुठे टाकायची, रस्त्यावर? अनया म्हणाली, रूल्स आर रूल्स, ओढलं की बाद. काका म्हणाले, हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलाय ते दाखव. चैत्राली मध्येच म्हणाली की बाबा, जाऊ द्या ना, सहा काय आणि सात काय. त्यावर दोघंही एकदम तिच्यावर उलटले, की तू होतीस का तिथे. ती म्हणाली, मला दहा मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये जायचंय, तुमचं काय ते ठरवा, मी लाइनवर आहे.

ईस्ट बर्नार्ड गाव आलं तरी ठरेना. काकांनी एकेक वेळ सांगितली. गाय होती ती, गाय उठून गेली ती, फटवालीचा पोनी मध्ये आला ती. अनयाने बोटं मोजली, परत मोजली, आणि म्हणाली, ओके, आय ॲम आस्किंग मिस वेल्डा. तिने मेसेज टाकला. काका म्हणाले विचार, खुशाल विचार, आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. त्यांनी त्याला जाऊ दिलं.

फोन वाजला. अनयाने वाचलं, आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"काय म्हणते बाई?"

"काही नाही."

"अनया."

"सेव्हन," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "शी सेज सेव्हन."

"मग आता आईला सांग. लाइनवर आहे ती."

"आजोबा, सीरियसली?"

"सांग."

अनयाने मोठा सुस्कारा सोडला, स्पीकरकडे वाकली आणि म्हणाली, "सात, मॉम."